सुट्टीतला खडखडाट

५ सप्टेंबर १९८३, सोमवार

पॉवर फॅक्टर ०.९९! दिवसभर काटा तिथेच! मनोहरराव — आमचे मॅनेजर — सगळ्यांदेखत म्हणाले, "दोन वर्षं वीज मंडळ दंड लावत होतं. या मुलीने आठवड्यात थांबवला."

तसं फार काही केलं नाही. मोटारी फुकटचा जास्तीचा प्रवाह ओढतात, त्याने पॉवर फॅक्टर एकच्या बराच खाली घसरतो आणि मंडळ दंड लावतं. तो भरून काढायला पॅनेलमध्ये कपॅसिटर आहेत. किती जोडायचे, किती सोडायचे ते एक रिले ठरवतो. मी त्याचं सेटिंग अगदी बारीक केलं — जरा कमी पडलं की जोड, जरा जास्त झालं की सोड.

बाबांना यातलं काही कळलं नाही. पण घरात मॅट्रिकच्या पुढे गेलेली मी पहिलीच — लगेच शेजारी सांगून आले. "आमच्या पोरीनं कंपनीचा दंड वाचवला!"

८ सप्टेंबर

पाळणाघर सांभाळणाऱ्या बायजाबाई आज थेट माझ्या टेबलाशी. पाळणाघर पॅनेलच्या खोलीला लागूनच आहे. जेवणाच्या सुट्टीत बाया बाळांना पाजायला येतात आणि नेमका तेव्हाच भिंतीपलीकडून खडखडाट! "लेकरू छातीशी लावलं का दचकते. आमी जेवाले बसलो का तुमची मशीन काहून दात वाजवून राहिली वं बाई?"

जाऊन पाहिलं. अडीच वाजले होते. काही आवाज नाही. तसं म्हटलं तर फणकारल्या, "आता कशी बोलन? आता बाया कामावर हायेत!"

९ सप्टेंबर

खडखड आहे म्हणे. मला वेळ झाला नाही.

१२ सप्टेंबर

तक्रार मनोहररावांपर्यंत गेली. त्यांनी धोंडबांना मेमो दिला — 'काँटॅक्टरची निगा राखली नाही.' कपॅसिटर जोडणारे-सोडणारे हे खटके, वाजतात तेच. धोंडबा आमचे जुने इलेक्ट्रिशियन, निवृत्तीला आलेले. तीन दिवसांत उत्तर दिलं नाही तर निलंबन.

"काका, साफ केले होते ना?"

"केले होते न, बाई."

"मग तसं लिहून द्या की!"

"पाहू," म्हणाले आणि पाना उचलून चालते झाले. राग आला मला. माणसाने स्वतःसाठी एवढंही बोलू नये?

१३ सप्टेंबर

डबा तसाच ठेवला आणि सुट्टीत पॅनेलसमोर उभी राहिले.

मशीन थांबल्या. उरले पंखे, दिवे, पाण्याचा एक पंप. गरज वाटीभर, आणि सगळ्यांत लहान कपॅसिटर म्हणजे बादली! रिलेने तो जोडला — जास्त झालं. सोडला — कमी पडलं. जोडला. सोडला. मिनिटाला अकरा वेळा मोजलं. पलीकडे एक मूल रडायला लागलं, मग दुसरं.

काँटॅक्टर चांगला आहे. रिलेही चांगला. मी सांगितलं तेच तो करतोय.

सगळ्या मशीन चालू असतानाच मी चाचणी घेतली होती. कॉलेजात तशीच घ्यायचो. सुट्टीत एकदाही येऊन पाहिलं नाही.

१४ सप्टेंबर

गुपचूप सेटिंग ढिलं केलं तर आवाज जाईल. सगळे म्हणतील, मेमो मिळाला आणि धोंडबा हलले. एक तारखेला मला कायम करायचं पत्र आहे.

हे लिहिताना सुद्धा लाज वाटते.

१५ सप्टेंबर

दिला कागद. 'सेटिंगची चूक माझी आहे. धोंडबांचा दोष नाही.' खाली सही.

मनोहरराव वाचून म्हणाले, "हा कागद फाईलला लागेल, कळतंय ना? सेटिंग बदला आणि विषय संपवा."

"मेमो परत घ्याल?"

त्यांनी कागद माझ्याकडे सरकवला. मी कागद टेबलावरच ठेवला.

सुट्टीआधी सेटिंग ढिलं केलं, आणि भार अगदी उतरला की सगळेच कपॅसिटर सुटतील अशी जोडणीही केली. काटा तेवढा अर्धा तास खाली आला. येऊ दे! बायजाबाईंनी डोकं आत घातलं. "बंद पडली काय वं?"

"नाही. चालू आहे."

"अशी चालते होय!"

१७ सप्टेंबर

मेमो मागे घेतला. माझं कायम होणं सहा महिने पुढे.

बाबा चप्पल घालत म्हणाले, "शेजारी मीच सांगतो. तू नोको जाऊ."

१९ सप्टेंबर

नवं सेटिंग लिहून ठेवायला पॅनेलखोलीची नोंदवही काढली. पाच तारखेच्या पानावर धोंडबांचं अक्षर — 'सुट्टीत खडखड. काँटॅक्टर तपासले, ठीक. बाईंचं सेटिंग बारीक.' त्यावर आडवी रेघ. इथे नोंद खोडली की शेजारी सही आणि तारीख घालावी लागते. तीही धोंडबांचीच — १२ सप्टेंबर. मेमो मिळाला तो दिवस.

वही घेऊन तशीच गेले. "काका, हे दाखवलं असतं तर तुम्ही सुटला असता! काहून खोडलं?"

त्यांनी वर पाहिलंही नाही. "तुमचं कायम व्हाचं होतं न, बाई."