तीन हात वर

गुरुवार, संध्याकाळ

आईचं सामान रिसालीले पोचवून आत्ताच परत आलो. पाठ पार भरून आली. बाबा गेल्यावर क्वार्टर सुटलं, म्हणून आईनं अन् तिच्या तीन मैत्रिणींनी मिळून तिथं घर घेतलं. चौघींचे हात वर झाल्याशिवाय पाहुण्याले मुक्काम नाही, असा त्यांचा नियम आहे.

मी म्हटलं, "आजची रात्र थांबतो."

"थकलं बिचारं लेकरू," म्हणत तिघींनी हात वर केले. आईनं नाही केला. हात कणकेत होते म्हणून असन का? पण मघाशी दुसऱ्या चहासाठी तर कणकेचाच हात वर केला होता तिनं!

"आई, मले कावून हाकलून राहिली?"

"तू थांबला तर मी रातभर तुलेच पांघरूण घालत बसीन. मले यांच्यासंग गप्पा मारायच्या आहेत बाप्पा. जा आता."