लंडनच्या पुस्तकात धुरा नाही

गुरुवार, ८ जून १९७८

सुमनने आज ठरवले. वकिली शिकायला लंडनला जाणार नाही, नागपुरातच शिकणार.

तिच्या मामाचे लंडनहून बोलावणे आल्यापासून मी तोंड मिटून होतो. दिवा लावताना देवाला एवढेच म्हणायचो की माझी माया पोरीच्या आड येऊ देऊ नकोस. आज मात्र राहवले नाही. अंगणात विचारलेच, "काऊन वं सुमे, चालून आलेलं काऊन सोडून राह्यली?"

म्हणाली, "बाबा, तिथल्या पुस्तकात धुरा सापडंल का?"

मी हसतच सुटलो. मागे आर्वीच्या कोर्टात माझी बहीण सांगत होती, शेजाऱ्याने आमचा धुरा कोरला. समोरचा वकील पुण्याकडचा. तो विचारतो, "धुरा? कसली जबाबदारी?" बहीण गोंधळली. तेव्हा सुमनच मागच्या बाकावरून ओरडली होती, "बांध, साहेब! शेताचा बांध!"

सुमनची आई चुलीपासून म्हणाली, "हसा आता मोकळं! महिनाभर कारलं खाल्ल्यावानी तोंड करून राह्यले होते."

म्हणजे घरात सगळ्यांना कळत होते. देवाला तर कळणारच. मी मागितले एक, मनात होते दुसरे. त्याने कोणते ऐकले? विचारायचे धाडस नाही, पण आज दिव्यात तेल जरा जास्तच घातले.

पोरीने आत्याच्या धुऱ्यासाठी लंडन सोडले. धुरा म्हणजे जबाबदारी... तो वकील तसा फार चुकला नव्हता.