बाईंचे आकडे चांगले आहेत

४ जाने., रविवार
रविवारची सुट्टी खाल्ली मेल्यांनी. पेशंट सांभाळायला बाया पाठवणाऱ्या आमच्या ब्युरोनं कर्वेनगरला बोलावलं, ट्रेनिंग म्हणून. न जेवता गेले, एक वडा दिला, तोही गार. रागात वर श्री लिहायचं राहिलं. आता लिहिते. श्री.

शिकवणारी मॅडम माझ्या नातीएवढी. म्हणे माणसं चार रंगांची असतात. लाल म्हणजे तडकाफडकी, हुकूम सोडणारी. पिवळी बोलघेवडी. हिरवी सगळ्याला हो म्हणणारी, कुणाला दुखवायचं न्हाई. निळी हिशोबी, त्यांना आकडे द्यायचे, रडगाणं न्हाई. पेशंट असो, घरचे असोत, ज्याचा जो रंग त्याच्याशी तसं बोलायचं. म्हणजे कामावर भांडणं होत न्हाईत.
विचारलं, माझा कोणता?
"मावशी, तुम्ही डार्क लाल!" सगळ्या बाया हसल्या. एवढंच सांगायचं होतं तर सासूनं फुकटात सांगितलं होतं.

मग मला बाजूला घेतलं. मी सांभाळते त्या शनिवार पेठेतल्या बाईंच्या मुलानं, समीरदादांनी, अमेरिकेतून तक्रार केलीय. मावशी फार भावनिक बोलतात. नवऱ्याच्या तेराव्याला आमटीत मीठ कमी म्हणून आचाऱ्याला झापणारी मी. भावनिक!
बोलले होते एवढंच, "दादा, आईचं काही खरं न्हाई, येऊन जावा."
मॅडम म्हणाली, "ते निळे आहेत. फक्त आकडे पाठवा. आपलं मत नको. परत तक्रार आली तर तिथे दुसरी मावशी पाठवावी लागेल."
दुसरीच्या हातचं पाणी बाई पीत न्हाईत. बरं म्हटलं.

६ जाने.
बाई शाळेत शिकवायच्या, म्हणून मीही बाईच म्हणते. आता हवेच्या गादीवर पडून. रंग लाल, विचारायला नको.
सकाळी चमच्यानं चहा पाजला. "मावशी, हा चहा आहे की भांडी विसळल्याचं पाणी?"
"दोन्ही हाय. तुम्हाला कुठलं देऊ?"
"आहे म्हणा, आहे. माझ्या घरात तरी."
हे झालं की आमचा दिवस सुरू.
दादांना पाठवलं. बीपी, बोटाच्या मशीनचा आकडा, पेज किती. उत्तरात अंगठा आला. तक्रार न्हाई. मॅडम बरोबर म्हणत होती वाटतं.

९ जाने.
आकडे चांगले. पेज अर्धी वाटी, त्यातली थोडी उशीवर.
दादांचा व्हिडिओ कॉल. "आई, आज ऑक्सिजन मस्त आहे हं तुझा."
"मला काय सांगतोस? मीच घेतेय तो."
दादा हसले. मी तोंड फिरवून हसले.
फोन ठेवल्यावर बाई म्हणाल्या, "कधी येतोय?"
दादांचं फेब्रुवारीअखेरचं तिकीट हाय, बाईंना सांगितलंय. विसरतात की मुद्दाम विचारतात, कळत न्हाई. म्हटलं, येतील, कामात हायत. "आहेत" म्हणाल्या आणि भिंतीकडं वळल्या.

१४ जाने., संक्रांत
तिळगूळ कणभर जिभेला लावला. म्हटलं, गोड बोला आतातरी.
म्हणाल्या, "सकाळी चहा छान झाला होता हो."
सकाळी चहात साखर घालायची राहिली होती माझी.
केस विंचरताना गुंता ओढला गेला. हूं न्हाई की चूं न्हाई. मुद्दाम मोठ्यानं हाय, हाय केलं. "आहे म्हणा" म्हणून सुधारलं न्हाई. वर म्हणतात, "तुम्हाला फार त्रास देते मी."
लाल माणूस एका सकाळीत हिरवं झालं. असं झालं तर काय करायचं, ते मॅडमनं शिकवलं न्हाई.

१५ जाने.
आकडे चांगलेच. मशीनला काय, ते बोट बघतंय. माणूस कुठं बघतंय.
मग डोकं चालवलं. मत लिहायचं न्हाई ना? आकडाच लिहिते. नातीनं शिकवलंय तसं एकेक अक्षर दाबलं. बीपी ठीक. पेज चार चमचे. टोमणे शून्य. चहाला नावं ठेवली शून्य.
म्हटलं पोटचा हाय, याच तोंडाचे टोमणे ऐकत वाढलाय, त्याला कळेल.
अंगठा आला. मागून हसरं तोंड. "छान! आई शांत झाली तर. थँक्यू मावशी."
माझा डबा न खाता तसाच परत आणला.

१७ जाने., शनिवार
डॉक्टर येऊन गेले. छाती ऐकली, पाय दाबून पाहिले. जिन्यात मला म्हणाले, "मुलाला बोलावून घ्या. आता दवाखान्यात नेऊन उगाच हाल नकोत."
ब्युरोत फोन केला. मॅडम म्हणाली, "तुम्ही काही बोलू नका मावशी, घाबरतील ते. मी मेल करते नीट. सोमवारी. आज वीकएंड आहे."
यमाला पण सांग म्हणावं, वीकएंड हाय.

१८ जाने., रविवार
सुट्टी होती, तरी गेले. स्वारगेटला बस बदलताना दोनदा वाटलं, परत फिरावं, आपल्याला काय करायचंय.
पेज बंद. पाणी कापसानं ओठांना.
दादांचा फोन. "मावशी, आजचे आकडे?"
"आकडे चांगले आहेत. आई चांगली न्हाई. डॉक्टर म्हणाले, मुलाला बोलावून घ्या. जा, करा तक्रार."
मग म्हणाला, "टोमणे शून्य वाचलं ना मावशी, तेव्हाच कळलं होतं. अंगठा दाबला आणि गाडीतच बसून राहिलो. आकडे चांगले असले की... त्या दिवशी निघावं लागत नाही."
निळा कुठला. भ्यालेलं पोरगं. मॅडमनं रंग लावला आणि मी त्या रंगाशी बोलत बसले. इतक्या दिवसांत त्याच्याशी कुणी बोललंच न्हाई.
तिकीट बघतो म्हणाला. मिळेल का, पोचेल का... मला काय ठाव.
काम जाईल आता. जाऊ दे.

१९ जाने., सोमवार
डोळे मिटलेले. श्वास मोठा, मधे थांबतो, मग परत. मीही तेवढा वेळ थांबते.
दुपारी ओठ हलले. कान लावला. "समीर... कधी?"
आजवर मीच काहीबाही सांगत आले. कामात हायत, येतील, निघतीलच. आज तसलं काही न सांगता ओठांना ओला कापूस लावला. तेवढ्यात फोन वाजला. तोच. मागं गलका होता. विमानतळाचा की त्याच्या घरच्या टीव्हीचा, कळलं न्हाई, विचारलंही न्हाई.
"मावशी, कशी आहे? काही बोलतेय?"
म्हटलं, "कधी येतोस विचारतीय. फोन तिच्या कानाला धरलाय. बोल. तिला उत्तर तू द्यायचं, मी न्हाई."