दाबयंत्रातलं पत्र

सोमवार, ८ जानेवारी

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

तू जिला उबदार म्हणतोस त्या दक्षिणेतून हे पत्र लिहिते आहे. अंगात दोन स्वेटर, त्यावर बाइंडिंगचा जाड एप्रन, आणि तरी बोटं इतकी गारठलीत की अक्षर वेडंवाकडं येईल. समजून घे.

शनिवारी सकाळी पाऊस लागला तो अजून थांबायचं नाव घेत नाही. धो धो पडून मोकळा होईल तर शपथ. बारीक, तिरका, चिवट पाऊस, आणि वर हाडं गोठवणारा वारा. या गावातली सगळी घरं उन्हाळ्यासाठी बांधलेली. उंच छत, दगडी फरशी, आणि खिडक्यांच्या झडपा अशा की त्या कधी घट्ट लावाव्या लागतील असं सुताराच्या मनातही आलं नसावं. हीटर आणायला गेले तर दुकानदाराने मला निर्विकारपणे पंखे दाखवले. म्हणाला, हीटर नाहीत, पंखे हवे तेवढे आहेत.

आता आबांबद्दल. त्यांची बॅग तू भरलीस ना? सहा सुती सदरे, एक उन्हाची टोपी आणि एक काळा चष्मा. छातीचं दुखणं असलेल्या एकोणऐंशी वर्षांच्या बापाला हिवाळ्यात पाठवतोस आणि बॅगेत एक लोकरीचा धागा नाही! मी विचारलं तर म्हणाले, धाकट्याने सांगितलं की तिकडे घाम येतो. सध्या ते माझी शाल, माझी कानटोपी आणि माझे फुलाफुलांचे मोजे घालून माझ्या बाइंडिंगच्या कारखान्यात बसतात. येणारी गिऱ्हाइकं आधी त्यांच्या पायांकडे बघतात, मग मला नमस्कार करतात.

दिवसभर त्यांचं पालुपद चालू असतं. फरशी गार, चहा गार, उशी दमट, टॉवेल ओला, आणि ह्या गावाला हिवाळा म्हणजे काय हे माहीतच नाही. मी मान हलवते. दुसरं काय करणार? वाचनालयाच्या बारा मोठ्या नोंदवह्या बांधून द्यायच्या आहेत, आणि ह्या हवेत चिकटवायची खळ वाळत नाही. चार तासांत वाळायची ती दोन दिवस ओली राहते. वही दाबयंत्रातून लवकर काढली की पुठ्ठा वाकलाच म्हणून समज. आबा शेजारी बसून मला सांगत असतात की यंत्राचा स्क्रू अजून दोन फेरे आवळ. छापखान्यात चाळीस वर्षं शिशाच्या अक्षरांचे खिळे जुळवलेला माणूस, त्याला कोणाचंही काम बघवत नाही.

हे सगळं फोनवर सांगितलं असतं, पण फोन त्यांच्या खुर्चीशेजारी आहे आणि घंटी वाजली की पहिला हात त्यांचा. म्हणून पत्र. आपलं ठरलं होतं तीन महिन्यांचं. मार्चच्या पहिल्या आठवड्यात तू न्यायला येशील ना, एवढं कळव. ते रोज दोनदा विचारतात.

कळावे, तुझ्यावर चिडलेली असूनही लोभ राखून असलेली,
ताई

*

बुधवार, १० जानेवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र आज सकाळी मिळालं. मोज्यांचं वाचून हसलो आणि बॅगेचं वाचून ओशाळलो. इथे, सांगायला लाज वाटते, लख्ख ऊन पडलं आहे. लोक बिनकोटाचे फिरताहेत. हवामानाने माझं नाक कापायचं ठरवलेलं दिसतं. लोकरीचे कपडे आजच पार्सलने टाकतो.

पण मार्चचं तू विचारलंस, तर आता आडपडदा ठेवत नाही. आबांना तिथेच राहू दे. तीन महिने नव्हे, कायमचं. मला ते आता झेपत नाहीत. त्यांची दिवसभराची कुरकुर, जेवणात खोड, बातम्यांत खोड, माझ्या बायकोने दार कसं लावावं इथपर्यंत सगळ्यात खोड. ते गेल्यापासून घरात मोकळा श्वास घेता येतो आहे. त्यांच्या खोलीत आम्ही कपाटं सरकवलीसुद्धा. तू एकटी आहेस, तुझं घर मोठं आहे, तुला सोबत होईल. माझ्याकडून आता हे ओझं होणार नाही, मग तू मला काय म्हणायचं ते म्हण.

पहिला कागद भरला. वर लिहिलेलं वाचून पाहिलं, सगळं खरं आहे आणि तरीही ते कारण नाही. कारण हे आहे. गेल्या फेब्रुवारीत आबांना धाप लागली, ते तुला कळवलं होतं. कसं नेलं ते कळवलं नव्हतं. आमचं घर तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही, गाडी खाली उभी. मी त्यांना पाठुंगळीला घेऊन उतरलो. दुसऱ्या मजल्याच्या खाली त्यांची मान माझ्या खांद्यावर पडली आणि मला श्वास ऐकू येईना. ताई, मी तिथेच पायरीवर बसलो. उठता येईना. आबा गेले असं समजून मी रडत बसलो, आणि ते जिवंत होते. किती मिनिटं गेली मला माहीत नाही. खालच्या मजल्यावरची बाई बाहेर आली म्हणून उठलो.

तेव्हापासून ते नुसते खोकले तरी मी मनात पायऱ्या मोजायला लागतो. त्रेपन्न आहेत. पुन्हा तशी वेळ आली तर मी पुन्हा बसेन याची मला खात्री आहे. तुझ्याकडे जिना नाही. हे त्यांना कधीही सांगू नकोस. मी कुरकुरीला कंटाळलो असं वाटलं तर ते चिडतील, आणि चिडलेले आबा मला चालतात. मी त्यांना पायरीवर टाकून रडत बसलो होतो हे त्यांना कळलेलं मला चालणार नाही.

लोभ आहे तसाच राहू दे, त्याची मला आत्ता फार गरज आहे.
तुझा,
धाकटा

*

शनिवार, १३ जानेवारी

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

बसून वाच. माझ्या हातून एक मोठा घोटाळा झाला आहे.

तुझं पत्र काल दुपारी आलं. वाचलं, डोळे पुसले, आणि ते ठेवायचं कुठे ह्या पेचात पडले. आबांचा स्वभाव तुला माहीत आहे. लिहिलेलं-छापलेलं काही दिसलं की ते वाचणारच, औषधाच्या खोक्यातला कागदसुद्धा सोडत नाहीत. कपाटं ते माझ्या मोज्यांसाठी उचकतात. तेवढ्यात ते आतून येताना दिसले, म्हणून मी हाताशी असलेल्या नोंदवहीत पत्र सरकवलं, वही दाबयंत्रात घातली आणि स्क्रू आवळला. त्या यंत्राला हात लावायची ताकद त्यांच्यात नाही, म्हणून मी निर्धास्त.

दुसऱ्या कोणी पत्र घडी करून ठेवलं असतं. पण तीस वर्षं बाइंडिंग केलेल्या बाईला वहीत घडीचा कागद ठेवताच येत नाही, दाबाखाली पानावर वळ उठतो. म्हणून मी ते पसरून, नीट सपाट करून ठेवलं. पहिला कागद कोऱ्या पानाकडे तोंड करून, दुसरा त्याच्या पाठीमागे. वहीचं पान आठ दिवसांच्या ओलीने दमट, आणि तू लिहितोस शाईच्या पेनाने, तेही दौत उपडी केल्यासारखं.

आज सकाळी वही काढली. पत्र घाईघाईने एप्रनच्या खिशात घातलं आणि कणा तपासायला वळले. पान बघितलंच नाही. पाठीमागे आबांनी वही उघडली होती. तुझा पहिला कागद अख्खा त्या पानावर उलटा उमटला होता. मला ते नुसते निळे फराटे दिसले. पण आबांचं सगळं आयुष्य उलट्या अक्षरांच्या खिळ्यांत गेलं. आपण सुलट वाचतो त्याहून भराभर ते उलट वाचतात. मी बघितलं तेव्हा त्यांचं बोट उजवीकडून डावीकडे सरकत होतं आणि ओठ हलत होते. शेवटच्या ओळीपर्यंत गेले. मग वही मिटून माझ्यापुढे सरकवली आणि म्हणाले की हे पान काढून टाक, वाचनालयाला द्यायची वही आहे.

बस, इतकंच. तेव्हापासून ते कशालाच नावं ठेवत नाहीत. गार चहा मुकाट्याने प्यायले. दुपारी झडपेतून पाणी येऊन त्यांची उशी भिजली तर ती उलटी करून पुन्हा झोपले. सोमवारी मी त्यांच्या कुरकुरीला वैतागले होते, आज ती ऐकायला जीव तळमळतो आहे. संध्याकाळी त्यांनी एवढंच विचारलं की मागची लहान खोली रिकामी करून मिळेल का, म्हणजे ते माझ्या पायात पायात येणार नाहीत.

त्यांना ठेवून घेणं हा प्रश्नच नाही रे. मी ठेवीन. पण आपल्या लेकाने आपल्याला टाकलं असं समजून ते त्या खोलीत राहणार असतील तर मला ते बघवणार नाही. दुसरा कागद माझ्या खिशात आहे. दाखवू का? लगेच कळव.

स्वतःच्या अकलेवर वैतागलेली,
ताई

*

सोमवार, १५ जानेवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

दाबयंत्रात पत्र! जगात आग आहे, नळ आहे, कचऱ्याची टोपली आहे, आणि तुला दाबयंत्र सुचलं! तू चांगली कारागीर आहेस म्हणून हे झालं. एखाद्या अडाण्याने घडी करून उशीखाली ठेवलं असतं तर आज मी सुखात असतो.

तुझं पत्र सकाळी आलं तेव्हापासून एका जागी बसवलेलं नाही. बायकोला सगळं सांगितलं. कपाटं पुन्हा बाहेर काढा म्हणाली, आणि मी एकट्याने ती बाहेर काढलीसुद्धा. आता खोली रिकामी आहे आणि तिच्याकडे बघवत नाही.

तरीही दाखवू नकोस. हात जोडतो. मी नालायक मुलगा आहे असं त्यांना वाटू दे, त्याची मला सवय होईल. म्हण की तो कामावरून वैतागला होता, म्हण की बायकोशी भांडला होता, काहीही म्हण. दुसरा कागद जाळ.

उत्तराची वाट बघणारा,
धाकटा

*

गुरुवार, १८ जानेवारी

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

तुझ्या बहिणीने दुसरा कागद जाळला नाही. काल तुझं पत्र आल्यावर तिने ते दोनदा वाचलं, अर्धा तास कारखान्यात येरझाऱ्या घातल्या आणि मग कागद माझ्या मांडीवर आणून टाकला. तुझं अक्षर सुलट वाचायला फार त्रास पडतो. उलटं उमटलं होतं ते जास्त बरं दिसत होतं.

आधी ह्या गावाबद्दल. पाऊस काल थांबला, पण म्हणून काही ऊन पडलेलं नाही. नुसता पांढरा उजेड. फरशी अजून गार आहे. भिंतींना घाम आलाय, माझ्या पुस्तकांची पानं फुगलीत, साबण वितळून वडीची लापशी झाली. शेजारी म्हणतात की असं वीस वर्षांत झालं नव्हतं, म्हणजे ते नेमकं मी येईपर्यंत थांबलं होतं. तुझं लोकरीच्या कपड्यांचं पार्सल पाऊस थांबल्यावर दोन तासांनी आलं. तुझी आणि पोस्टाची ह्यात काही बोलणी झालेली दिसतात.

आता तुझं. माझी कुरकुर तुला झेपत नाही हे तू लिहिलंस त्यात खोटं काही नाही. मला राग आला, दोन दिवस आला, आणि तो यायलाच हवा होता. पण पन्नाशीच्या माणसाने हे बापाला तोंडावर सांगावं. तुम्ही दोघं भावंडं माझ्या पाठीमागे पत्रं लिहिता, जसा काही मी स्टेशनवर राहिलेला सामानाचा डाग आहे आणि सोडवून कोणी घ्यायचा ते ठरायचं आहे. ताईलाही हेच सुनावलं. ती रडली, मग चिडली, मग तिने गरम चहा केला.

आणि त्या जिन्याबद्दल. मला शुद्ध होती. मान पडली कारण धरवत नव्हती, आणि श्वास ऐकू आला नाही कारण तू स्वतःच इतका धापा टाकत होतास की दुसरं काही ऐकू येणं शक्य नव्हतं. तू पायरीवर बसलास ते मला कळलं. तू मला टाकलं नाहीस. मांडीवर घेतलंस, माझं डोकं छातीशी धरलंस आणि लहानपणी पडल्यावर रडायचास तसा रडलास. मला बोलता येत नव्हतं. येत असतं तरी मी बोललो नसतो. तुझी आई गेल्यापासून मला कोणी असं धरलं नव्हतं. गाडी खाली थांबली आहे हे मला माहीत होतं, आणि अजून थोडा वेळ ती थांबावी असं मला वाटत होतं.

हे मी तुला वर्षभर सांगितलं नाही. त्याऐवजी तुझ्या बायकोने दार कसं लावावं ते सांगत बसलो. तेव्हा तू एकट्यानेच लपवलंस असं समजू नकोस.

मी मार्चमध्ये परत येणार नाही. तू लिहिलंस म्हणून नव्हे. ह्या गावात मला काडीचंही सुख नाही, आणि पुढचा हिवाळाही असाच जाणार हे मला दिसतं आहे. पण इथे जिना नाही, आणि त्या त्रेपन्न पायऱ्या तुला पुन्हा मोजायला लावायच्या नाहीत मला. माझी खोली तुम्ही वापरा. कपाटं परत आत ढकल, आणि ह्या वेळी एकट्याने ढकलू नकोस, तुझ्या कंबरेचं मला माहीत आहे.

ठरल्याप्रमाणे मार्चच्या पहिल्या आठवड्यात तू मात्र ये. मला न्यायला नव्हे. इथे चार दिवस राहा, गार फरशीवर अनवाणी चाल, आणि मी झेपत नाही हे माझ्यासमोर बसून सांग. मी भांडेन. मग रात्री माझ्याच खोलीत झोप. खाट एकच आहे, तरी झोप.

लोभ आहेच. तो पत्रातून कळवायला मला जमत नाही, म्हणून ये म्हणतो.
तुझा,
आबा