एकच लाल नाव

जालना, १२ मार्च २००७

भट्टीच्या सुरक्षेचा कॉम्प्युटरवरचा धडा कामगारांनी पूर्ण केला, असं सकाळी ट्रेनिंग देणारा म्हणून मीच मॅनेजरसाहेबांना सांगून आलो. यादीत अकरा नावं हिरवी. लाल एकच, कडुबामामांचं. लाल नाववाल्यानं उद्यापासून भट्टीवर जायचं न्हाई, हा नियमही माझाच.

दुपारी मामांना विचारलं. म्हणाले, "कोणाला माऊस धरता येईना, मंग सगळ्यांचे धडे मीच सोडवले. माझा नंबर येईस्तोर काल शिफ्ट सुटली."

म्हणजे उद्या धडा येणारा एकटा माणूस गेटबाहेर आणि बाकीचे भट्टीवर. साहेबांना खरं सांगू? यादीवर सही माझी आहे. संध्याकाळपासून ते लाल नावच डोळ्यांपुढं.

शिफ्ट संपवून जाताना मामा म्हणाले होते, "धडा चांगलाय, सर. एकदा सगळ्यांकडून करून घ्या."