एका खिडकीचे दोन ठिपके

रविवार, ४ फेब्रुवारी

किटली वाया! अख्खी सकाळ खपून तांब्याची किटली रंगवली. बरी जमत होती. आणि शेवटी पांढऱ्या रंगाची ट्यूब हाताला लागली – झालं! तोटीवर चमक, झाकणावर चमक, कडीवर चमक, जिथे जागा दिसेल तिथे चमक. सर मागे येऊन उभे राहिले. मग म्हणाले, "हिच्यावर कबुतरं बसून गेली का?" सगळा वर्ग खिदळला. मीही खिदळले, करते काय!

सरांचं म्हणणं, जलरंगात पांढरं म्हणजे कोरा कागद. तो आधीच राखून ठेवायचा. राखायचा राहिला, तर अगदी शेवटी एखादा ठिपका, मिठाइतका. मी आपली पोतं उलटं करते.

मंगळवार, ६ फेब्रुवारी

बाबांना किटली दाखवली. "वा! हुबेहूब!" कबुतरांबद्दल चकार शब्द नाही. एवढा मोठा जाणकार घरात असताना मी क्लासची फी का भरते कोण जाणे.

रविवार, ११ फेब्रुवारी

पुढच्या महिन्यात वाचनालयाच्या हॉलमध्ये वर्गाचं प्रदर्शन! प्रत्येकाने घरातलं एक माणूस रंगवायचं. सर म्हणाले, "डोळ्यातली चमक जमली तर माणूस. नाहीतर बाजारातला मासा." आमच्या घरात माणसं दोनच – मी आणि बाबा. म्हणजे निवडीचा प्रश्नच मिटला.

गुरुवार, १५ फेब्रुवारी

दुकानाला सुट्टी. एरवी दिवसभर लोकांच्या नाकांवर चष्मे चढवून माझं नाकांचं ज्ञान अफाट आहे, असा माझा समज होता. बाबांना चष्मा काढून खिडकीशी बसवलं. "नाक जरा लहान काढ हं." "आहे तेवढंच काढणार." काढलं – बटाटा! कान तर दोन वेगळ्या माणसांचे.

पण डोळे!! डाव्यात खिडकीचा छोटा पांढरा ठिपका. आणि उजव्यात तो आहेच, शिवाय बाहुलीच्या अगदी मधोमध आणखी एक, जरा मोठा, दुधाळ. दोन्ही काढले. आयुष्यात पहिल्यांदा पांढरं बेताने वापरलं. स्वतःवर भलतीच खूश आहे. बाबा म्हणाले, "वा! हुबेहूब!"

रविवार, १८ फेब्रुवारी

सर चित्रावर वाकले. नाकाबद्दल काही बोलले नाहीत, सज्जन माणूस. "खोलीत खिडक्या किती?"

"एक."

"मग या डोळ्यात ठिपके दोन कसे?"

"दिसले तसे काढले, सर." हे मी चक्क तोऱ्यात म्हटलं.

सर हसले नाहीत. म्हणाले, चमक खिडकीची असते, डोळ्याची नसते. डोळा कुठेही फिरवला तरी ती खिडकीच्याच बाजूला राहते. "घरी जाऊन बघा, तो मधला ठिपका काय करतो ते."

घरी आल्या आल्या बाबांना पुन्हा खिडकीशी बसवलं. वर बघा. आता दाराकडे. खिडकीचा ठिपका जागच्या जागी. मधला मात्र डोळ्याबरोबर वर गेला, डोळ्याबरोबर दाराकडे गेला.

म्हणजे तो खिडकीचा नव्हेच, डोळ्यातलाच! काय सुचलं कोण जाणे, त्यांचं चित्र उलटं धरलं त्यांच्यापुढे. डोकं खाली, गळा वर. "कसं वाटतंय?"

"वा! हुबेहूब!"

आधी हसू आलं. मग जे रडू फुटलं ते थांबेचना. बाबा बिचारे घाबरले. मग हळूहळू सगळं बाहेर आलं – उजव्याने कधीचंच दिसत नाही, डाव्याने सगळं धुक्यात. पेपर वाचणं सोडलं ते "हल्ली पेपरात काही नसतं" म्हणून नव्हे.

"मला सांगितलं का नाहीत?"

"अगं, क्लासहून येतेस तेव्हा किती खुशीत असतेस. दिसत नाही म्हटलं असतं, तर तू दाखवणंच बंद केलं असतंस." मग हळूच, "आणि मला ऑपरेशनची भीती वाटते. झालं समाधान?"

आणि मी! चष्म्याच्या दुकानातली बाई! मागच्या वाढदिवसाला त्यांना नवी फ्रेम आणली मी. फ्रेम! काचा जुन्याच बसवल्या – म्हटलं, नंबर तोच असणार. बाबा आरशासमोर उभे राहून म्हणालेही होते, छान दिसते.

मंगळवार, २० फेब्रुवारी

डॉक्टरीण बाई स्पष्ट बोलणाऱ्या. उजव्याचा मोतीबिंदू पार पिकलाय, मागचा पडदा तपासायलाच मिळत नाही. "काढल्यावरच कळेल किती दिसतंय. शब्द देत नाही." डाव्याचं नंतर बघू म्हणाल्या.

बाहेर आलो. बाबा जिना चाचपत उतरत होते. हे चाचपणं मला आजवर वयाचं वाटायचं. खाली पोचल्यावर म्हणाले, "नाहीच दिसलं तरी तू काढत राहा. मी वा म्हणत जाईन." भर रस्त्यात नाक शिंकरत उभी राहिले. येणारे-जाणारे बघत होते, बघू देत.

शुक्रवार, २३ फेब्रुवारी

उद्या चित्र सरांकडे द्यायचं. मधला पांढरा ठिपका काळ्याने झाकून टाकावा म्हणून ब्रश भिजवला. ठेवला. परत भिजवला. झाकला तर चित्र छान दिसेल, पण छान दिसण्यानेच तर सगळा घोळ केलाय. नाही झाकला.

सरांना फोन करून सांगितलं, प्रदर्शनाला चित्र देत नाही. ते म्हणाले, "बरं. बाबांना कसं आहे?"

सोमवार, २६ फेब्रुवारी

झालं ऑपरेशन. पट्टी आहे. बाबांना चहा हवाय आणि मला सगळे देव एकदम आठवताहेत.

मंगळवार, २७ फेब्रुवारी

पट्टी काढली. मी चित्र पाठीमागे धरून उभी – आता खरा निकाल! बाबांनी डोळ्याची उघडझाप केली. भिंत बघितली, डॉक्टरीण बाईंची बोटं बरोबर मोजली. मग माझ्याकडे वळले आणि बघतच राहिले. हात वर करून माझ्या कपाळावरची बट धरली.

"अगं, तुझे केस एवढे पांढरे कधी झाले?"

चित्र दाखवायचं राहूनच गेलं.