पांढऱ्या विरजणाची वाटणी

मी, खाली सही करणारा, वय वर्षे बासष्ट, पेशाने संस्कृतचा शिक्षक (निवृत्त) आणि सवयीने पत्रलेखक, हा कागद माझ्याच टेबलावर, माझ्याच शाईने आणि कोणी मानगूट धरलेली नसताना लिहीत आहे. मी शुद्धीत असल्याचा दाखला डॉक्टरांनी दिला आहे. तो सोबत जोडला आहे. अक्कल शाबूत असल्याचा दाखला कोणी देत नाही, आणि पुढचे वाचल्यावर माझ्याकडे कोणी मागणारही नाही.

याआधी मी मृत्युपत्र केलेले नाही, त्यामुळे रद्द करण्यासारखा कागद नाही. रद्द करण्यासारखे एक नाते आहे, पण वकील म्हणतात त्याला कलम नाही.

कलम पहिले : विरजण. मी अविवाहित आहे. मला मूलबाळ नाही, बुरशी आहे. पांढरी, पिठासारखी. घराच्या मागच्या खोलीत, फडताळात, शिजवलेल्या तांदळावर ती मी वीस वर्षे वाढवली. जुन्या तांदळातला चमचाभर नव्या तांदळात घालायचा की ती पुढे चालते, म्हणून घरात तिला विरजण म्हणतात. पाण्यात कालवून फवारली की ती किडीच्या अंगावर रुजते आणि सहा-सात दिवसांनी कीड मरते. गांडुळांच्या वाटेला जात नाही. रासायनिक औषध किडीबरोबर मातीतले भलेबुरे सगळेच झोपवते; ही सभ्य आहे, आणि सगळ्या सभ्य गोष्टींप्रमाणे सावकाश काम करते.

हा सावकाशपणा ध्यानात ठेवावा. पुढचे सगळे त्यातूनच निघाले.

हे विरजण मी रोपवाटिका चालवणाऱ्या बाईंना देतो. खरे तर ते त्यांच्याकडेच आहे. मी फक्त मालकीची नोंद दुरुस्त करत आहे. ती का करावी लागली, हे लिहिणे भाग आहे, नाहीतर पुढची कलमे वेडाची वाटतील.

नऊ वर्षांपूर्वी माझा धाकटा भाऊ म्हणाला, “दादा, तू वाढव, मी विकतो. बाटलीवर तुझी सही छापू. लोक तुझी पत्रं वाचतात, सहीवर विश्वास ठेवतील.” शेतीच्या एका पाक्षिकात मी शेतकऱ्यांच्या शंकांना उत्तरे देत असे. मी अट घातली ती एकच, की बाटलीत जिवंत असेल तेच जाईल. तो हो म्हणाला. हो म्हणताना तो खाली बघतो, आणि लहानपणापासून मी याला विनय समजत आलो.

मग पत्रे येऊ लागली. “गुरुजी, सकाळी फवारलं, दुपारी किडीचा सडा पडला. धन्य तुमची बाटली!” सहा-सात दिवस लागतात, हे मीच त्या पाक्षिकात चारदा छापले होते. तरीही मला एकदाही शंका आली नाही. मला वाटले, आपले वाण जातिवंत. स्तुती वाचताना माणसाचा चष्मा आपोआप जाड होतो. मी प्रत्येक पत्राला उत्तर दिले आणि प्रत्येक उत्तराखाली तीच सही केली.

रोपवाटिकेच्या बाई तेवढ्या पत्र न लिहिता स्वतः आल्या. हातात बाटली, आणि कागदाच्या पुडीत मेलेली गांडुळं.

“मास्तर, हे तुमचं नाही,” त्या म्हणाल्या. “दहा वर्षांपूर्वी तुम्ही मला डबीभर दिलं होतंत ना, ते वाफ्यात घातलं की गांडुळं वाढतात. ही बाटली ओतली तर वर येऊन मेली.”

“पाणी जास्त झालं असेल, बाई.”

“तीस वर्षं रोपं करते मी. पाणी मला शिकवू नका.”

त्या गेल्यावर मी पुढच्या अंकात ‘पाण्याचा हात सैल असलेल्या एका बाईंची गोष्ट’ लिहिली. नाव घातले नव्हते, पण गावात रोपवाटिका एकच. लोक हसले. मीही हसलो. पुडी तशीच केराच्या टोपलीत टाकली.

दोन वर्षांनी, गेल्या पावसाळ्यात, माझ्या फडताळात ओल शिरली आणि विरजण काळे पडले. घरातले नासले की शेजारून मागून आणावे, तसे मी धाकट्याच्या दुकानातून माझ्याच सहीची एक बाटली आणली आणि चमचाभर ताज्या भातावर घातली. सात दिवस गेले. भातावर पांढरे आले नाही. सांडलेल्या थेंबांभोवती मुंग्या मात्र मरून पडल्या होत्या. मग वेगवेगळ्या वेळी भरलेल्या आणखी तीन बाटल्या आणल्या. पुन्हा सात दिवस. पुन्हा मुंग्या.

धाकट्याच्या शेडमध्ये गेलो, तेव्हा तो खोक्यांवर चिकटपट्टी लावत होता.

“यात काय आहे?”

“दादा, ते थोडं औषध मिसळलं गेलं.”

“कोणाकडून?”

“लोकांना घाई असते रे. सात दिवस कोण थांबतं?”

“तुला कर्मणि प्रयोग मी शिकवला, त्याची शिक्षा भोगतोय. कर्ता सांग.”

त्याने चिकटपट्टी खाली ठेवली. मग तो म्हणाला, “मी. आधी थोडं मिसळत होतो. त्यात बुरशी मरायची, मग ती घालणंच सोडलं; तू दिलेली ओतून द्यायचो. पाच वर्षं झाली.” आणि पहिल्यांदाच माझ्या डोळ्यांत बघून म्हणाला, “पण दादा, सकाळी फवारून दुपारी किडी कशा पडतात, हे तू एकदा तरी विचारलंस का?”

या प्रश्नाचे उत्तर मी त्या दिवशी दिले नाही. इथे देतो : नाही विचारले. तू मला फसवलेस, आणि मी त्या कामात तुला मदत केली. पण मी मदत केली म्हणून तुझी फसवणूक कमी होत नाही. हा हिशेब भागाकाराचा नाही.

तीन बाटल्या शेतीखात्याच्या तपासणीला मी स्वतः नेऊन दिल्या. दुकानाचे काय करायचे तो निकाल त्यांचा. हा कागद म्हणजे माझा निकाल.

त्यानंतर रोपवाटिकेत गेलो आणि उंबऱ्याबाहेर उभा राहिलो. बाईंनी कोनाड्यातून काचेची बरणी काढली. माझे बारा वर्षांपूर्वीचे विरजण. त्या दर महिन्याला नवा भात शिजवून ते पुढे नेत होत्या. “पाण्याचा हात सैल आहे म्हणून टिकलं असेल,” त्या म्हणाल्या. मी रिकामी डबी पुढे केली; त्यांनी चमचाभर काढून दिले.

कलम दुसरे : शेत. बांधाच्या अलीकडची दोन एकर माझ्या वाट्याची जमीन रोपवाटिकेच्या बाईंना द्यावी. तिथे मी दुकानातली बाटली कधी वापरली नाही. घरात विरजण असताना बाटली कशाला? फावड्याच्या एका घासात तिथे एकतीस गांडुळे निघाली. बांधापलीकडे, धाकट्याच्या प्रात्यक्षिकाच्या शेतात, त्याच दिवशी तेवढ्याच खड्ड्यात एकही नाही. बाईंना अट घालावी असे वकील म्हणाले. घालत नाही. ज्यांनी माझ्या थट्टेनंतरही माझे विरजण जगवले, त्यांना मी कसली अट घालणार?

कलम तिसरे : घर. माझ्या दोन खोल्या भावजयीला. ती या घरात कधी खोटे बोलली नाही, आणि तिला कधी कोणी काही विचारलेही नाही. मागची खोली, फडताळ, भाताचे पातेले आणि किल्ली बाईंची. त्यांना अंगणातून जायची वाट कायम मोकळी राहील.

कलम चौथे : शिल्लक. बँकेत जे असेल त्यातून पाकिटे आणि तिकिटे घ्यावीत. माझ्या पलंगाखाली एक ट्रंक आहे. त्यात स्तुतीची पत्रे पत्त्यांसकट आहेत. त्या प्रत्येकाला मी आता रोज पाच या गतीने लिहितो आहे : बाटलीत औषध होते, ते मातीवर पडले आहे, शेणखत घाला, मातीला दोन हंगाम द्या, आणि मला माफ करा असे मी म्हणत नाही. मी गेलो तर उरलेली पत्रे वकिलांनी पाठवावीत. पाक्षिकात बाईंची क्षमा मी मागितली आहे, नाव घालून, त्यांना विचारून. त्या म्हणाल्या, “ठळक टायपात छापा. हसलेत ते ठळकच.”

कलम पाचवे : फावडे. बांधावरच्या खोपटात आहे, दांडा शिसवीचा. ते कोणालाच देत नाही, तिथेच ठेवावे. ज्याला आपल्या शेतातली गांडुळे मोजायची इच्छा होईल, त्याने घ्यावे आणि परत ठेवावे.

शेवटचे : साक्षीदार. वकिलांनी बजावले आहे, की ज्याला या कागदातून काही मिळायचे आहे त्याने साक्षीदार होऊ नये. नियम उत्तम आहे. दुसरा साक्षीदार म्हणून मी धाकट्याला बोलावले आहे. तो विचारेल, “दादा, मला काय?” त्याला हा परिच्छेद दाखवावा. नऊ वर्षे तू बाटलीवर माझी सही लावलीस. आता तुझी एक, स्वतःच्या नावाची, ज्यावर काही विकता येणार नाही अशा कागदावर. एवढेच तुला देतो.

हा कागद मी वाचून, समजून, आणि दोन ठिकाणी थांबून पुरा केला आहे.

लिहून देणार : (सही) दादा, पत्रांत ‘गुरुजी’

साक्षीदार १ : (सही) दवाखान्यातले कंपाउंडर

साक्षीदार २ : (सही) धाकटा. सगळं वाचलं. सही मीच केली. फावडं आज घेऊन जातो, संध्याकाळी परत ठेवतो.

स्थळ : मागची खोली, फडताळासमोर
दिनांक : नव्या भातावर विरजण घातल्याचा सातवा दिवस, पांढरे आले आहे.